काचेवरचे धुके आणि पिवळा दिवा

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ग्वाल्हेरला थाटीपूर भागात राहतात आणि त्यांचे वय 58 आहे. डोळ्यांच्या विकारामुळे डॉक्टरांनी त्यांच्या यजमानांना दोन वर्षांपूर्वी गाडी चालवण्यास मनाई केली. तेव्हापासून घरची नऊ वर्षांची लहान पेट्रोल गाडी त्याच चालवतात आणि यजमान शेजारच्या सीटवर बसतात. जानेवारीत पीतांबरा पीठाच्या दर्शनासाठी दोघे पहाटे दतियाला निघाले. वाटेत दाट धुके होते आणि समोरची काच आतून सारखी पांढरी होत होती. हीटरने पेट्रोल जळते म्हणून यजमानांनी तो लावू दिला नाही. एका हाताने नॅपकिनने काच पुसत त्या गाडी चालवत राहिल्या आणि एका ट्रकचा मागचा दिवा त्यांना अगदी जवळ गेल्यावर दिसला. परतताना डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. घाबरून त्यांनी ढाब्यावर गाडी उभी केली. तासाभराने भाचा ग्वाल्हेरहून आला आणि गाडी त्याने आणली. आता पुण्याचा मुलगा म्हणतो, गाडी विकून टाका आणि टॅक्सीने फिरा. यजमान म्हणतात, तुला गाडीतले काही कळत नाही, पण गाडी विकायची नाही. रोज सकाळी गाडी सुरू केल्यावर लागणारा एक निळा दिवाही त्यांना धडकी भरवतो. त्या विचारतात, “मला यंत्रातले काहीच कळत नाही. या वयात कळेल का? गाडी विकावी, ड्रायव्हर ठेवावा, की शहराबाहेर जाणेच सोडावे?”

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. ज्या वाक्यावर तुम्ही सगळा प्रश्न उभा केला आहे, त्या “मला काहीच कळत नाही” या वाक्याला तुमच्याच पत्रात पुरावा सापडत नाही. निळा दिवा थंड सकाळीच लागतो आणि चार-पाच मिनिटांनी आपोआप विझतो, हे तुम्ही लिहिले आहे. पिवळा दिवा लागला तेव्हा तो लुकलुकत नव्हता, इंजिनाचा आवाज बदलला नव्हता, गाडी ओढ खात नव्हती आणि दुसरा कोणताही दिवा लागला नव्हता, हेही लिहिले आहे. कोणताही चांगला मिस्त्री गाडी पाहण्याआधी हेच प्रश्न विचारतो आणि दहापैकी आठ मालकांना त्यांची उत्तरे देता येत नाहीत. दिव्यांचे अर्थ तेवढे तुम्हाला कोणी सांगितलेले नाहीत. ते काम एका दुपारचे आहे आणि त्याचा वयाशी काही संबंध नाही.

दुसरी गोष्ट यजमानांच्या जाणतेपणाची. तो खोटा आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. त्यांच्या पिढीने ज्या गाड्या चालवल्या त्यांत पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्ब्युरेटर असे, थंडीत चोक ओढावा लागे, सुरू केल्यावर इंजिन दहा मिनिटे तापवावे लागे आणि रोज सकाळी रेडिएटरचे झाकण उघडून त्यात लोटीभर पाणी घालावे लागे. अशी गाडी कानाने चालवली जाई आणि आवाजावरून दुखणे ओळखणारा माणूस घरात असणे ही गरज होती. पुढे 2000 सालाच्या सुमारास आपल्याकडच्या लहान गाड्यांतूनही कार्ब्युरेटर जाऊन इंधन मोजून सोडणारी संगणकीय यंत्रणा आली आणि कानाचे बरेचसे काम डॅशबोर्डवरच्या दिव्यांनी उचलले. यजमानांचे काही नियम त्या जुन्या गाड्यांचे आहेत आणि ते या गाडीला लागू पडत नाहीत, एवढाच मुद्दा आहे. हीटरबद्दलचा नियम त्यांपैकी एक.

हीटरविषयी सविस्तर लिहितो, कारण त्या पहाटे तुमचा जीव ज्या गोष्टीने धोक्यात आला ती पिवळा दिवा नव्हती. ती आंधळी झालेली काच होती.

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातल्या ऊर्जेपैकी साधारण पाव ते एकतृतीयांश भागच कामी येतो. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन धुराड्यातून आणि रेडिएटरमधून बाहेर फेकली जाते. इंजिनाभोवती फिरणारे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, ही उष्णता उचलून रेडिएटरकडे नेते आणि त्याच कूलंटची एक लहान वाट डॅशबोर्डच्या मागे बसवलेल्या छोट्या रेडिएटरसारख्या भागातून जाते. पंखा त्यावरून हवा ढकलतो आणि ती गरम होऊन तुमच्यापर्यंत येते. म्हणजे जी ऊब तशीही वाया जाणार होती तीच हीटर आत वळवतो. त्यासाठी वेगळे पेट्रोल जळत नाही. पंख्याला लागणारी वीज तेवढी खर्च होते आणि ती नगण्य असते. पेट्रोल खरोखर खातो तो एसी, कारण त्याचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या जोरावर फिरतो. यजमानांचा नियम एसीला लावला असता तर तो बरोबर ठरला असता. (विजेवर चालणाऱ्या गाड्यांची गोष्ट निराळी आहे. तिथे फुकटची उष्णता फारशी नसते आणि हीटर बॅटरीतूनच ऊर्जा घेतो. तुमची गाडी पेट्रोलची आहे, म्हणून तो हिशेब तुम्हाला लागू नाही.)

यातून आणखी दोन गोष्टी समजतात. इंजिन थंड असताना हीटर लावला तर गारच हवा येते, म्हणून पहिली पाच-सात मिनिटे तो बिघडला आहे असे समजू नये. आणि इंजिन चांगले तापल्यावरही हीटरमधून गार हवा येत असेल, तर कूलंट कमी झाल्याची शंका घ्यावी. हीटर नीट चालणे हा कूलंट पुरेसे असल्याचा एक साक्षीदार आहे, आणि बॉनेट न उघडता मिळणारा आहे. काचेवर येणाऱ्या वाफेला गोडसर वास असेल आणि बोट फिरवल्यावर ती तेलकट लागत असेल, तर डॅशबोर्डमागच्या त्या भागातून कूलंट झिरपत आहे असे समजावे आणि गाडी मिस्त्रीकडे न्यावी.

आता काच. तुमच्या दोघांच्या श्वासातली, ओल्या शालींतली आणि पायपुसण्यावरच्या दहिवराची वाफ थंड काचेला लागून पाणी होते. नॅपकिनने पुसल्यावर तिथे हवेतली पुढची वाफ बसते, म्हणून पुसण्याला अंत नसतो. उपाय हवा कोरडी करण्याचा आहे, आणि त्यासाठी चार गोष्टी एकदम कराव्या लागतात. गरम-थंडची मूठ लाल बाजूला न्यावी. हवेची दिशा समोरच्या काचेकडे करावी, म्हणजे वाकड्या काचेवर वर जाणाऱ्या नागमोडी बाणांचे चिन्ह असते तिकडे. पंखा तीनवर तरी ठेवावा. आणि एसीचे बटण, ज्यावर हिमकणाचे चिन्ह असते, तेही दाबावे.

हीटर आणि एसी एकत्र लावायचे, हे वाचून यजमान हसतील. त्यांना हसू द्यावे. एसी हवा गार करता करता तिच्यातले पाणी काढून घेतो. उन्हाळ्यात उभ्या गाडीखाली जे थेंब पडतात ते तेच पाणी. ही कोरडी झालेली हवा पुढे हीटरवरून जाऊन गरम होते आणि काचेवरची वाफ पाहता पाहता उचलते. यात थोडे पेट्रोल जाते हे कबूल करतो. दहा मिनिटांत काच स्वच्छ झाली की एसी बंद करता येतो, गरम हवा मात्र काचेवर चालू ठेवावी.

पाचवी गोष्ट बहुतेकांच्या हातून चुकते. गाडीच्या चित्रात आतल्या आत गोल फिरणारा बाण असतो. ते बटण किंवा सरकपट्टी लावलेली असेल तर गाडी तुमच्या श्वासातलीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरवत राहते. ग्वाल्हेरच्या मे महिन्यातल्या धुळीसाठी आणि उन्हासाठी बहुतेकजण ती एकदा लावतात आणि जानेवारीपर्यंत ती तशीच राहते. तुमच्या गाडीतही तसेच झाले असावे असा माझा अंदाज आहे. हिवाळ्यात बाहेरची हवा आत घ्यावी. बाहेर धुके असताना बाहेरचीच हवा का घ्यायची, ही शंका रास्त आहे. त्याचे कारण असे, की 5 अंशांच्या हवेत धुके दिसत असले तरी एकूण पाणी थोडेच मावते आणि तीच हवा 25-30 अंशांपर्यंत तापवली की ती चांगलीच कोरडी ठरते. मागच्या काचेसाठी वेगळे बटण असते, चौकोनी काचेवर तीन नागमोडी बाणांचे. त्याने काचेतल्या बारीक तारा विजेने तापतात. काच साफ झाली की ते बंद करावे. आणि आठवड्यातून एकदा समोरची काच आतूनही कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसावी, कारण आतल्या मळाच्या थरावर वाफ लवकर धरते.

पावसाळ्यात हाच प्रकार उलटा होतो. एसीने काच गार पडते आणि वाफ बाहेरून बसते. तेव्हा वायपर फिरवावा आणि एसीची गार हवा काचेवरून हटवावी. बोटाने पुसून वाफ आतली की बाहेरची हे आधी ठरवले की पुढचा गोंधळ होत नाही.

काच साफ असली तरी धुके धुकेच असते. आग्रा–ग्वाल्हेर–झाशी हा राष्ट्रीय महामार्ग 44 आहे. त्यावर रात्रभर अवजड वाहने चालतात आणि जानेवारीच्या पहाटे काही टप्प्यांत वीस पावलांपुढचे दिसत नाही. अशा वेळी मोठा दिवा लावू नये. तो धुक्यावरून उलटून आपल्याच डोळ्यांत येतो. तो लागलेला असताना डॅशबोर्डवर गडद निळे चिन्ह दिसते, तुमच्या सकाळच्या निळ्या दिव्यापेक्षा वेगळे. खालचा दिवा आणि असतील तर धुक्याचे दिवे लावावेत. चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून गाडी चालवण्याची आपल्याकडे रीत पडली आहे, तीही सोडावी, कारण मग तुम्ही वळणार आहात की थांबला आहात हे मागच्याला कळत नाही. माझे स्पष्ट मत असे, की दतियाला जायला सव्वा-दीड तास लागतो, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत पहाटे न निघता धुके विरल्यावर, दहाच्या सुमारास निघावे. दर्शनाचा मुहूर्त चुकला तर देवी रागावणार नाही.

आता दिव्यांकडे वळू. सगळे दिवे पाठ करण्याची गरज नाही. आधी रंग पाहावा. निळा आणि हिरवा दिवा केवळ माहिती देतात. पिवळा किंवा नारिंगी दिवा सांगतो की गाडी लवकर दाखवा. लाल सांगतो की थांबा. किल्ली फिरवल्यावर इंजिन सुरू होण्यापूर्वी यांतले बरेच दिवे एकदम लागतात आणि मग विझतात. ती त्यांची हजेरी असते. जो दिवा त्या हजेरीतही लागत नाही त्याचे बल्ब किंवा वायरिंग गेलेले असू शकते, आणि तेही पाहून घ्यावे लागते.

तुमचा सकाळचा निळा दिवा, थर्मामीटरसारखा, पाण्याच्या लाटांवर बुडवलेला, हा इंजिन अजून थंड आहे एवढेच सांगतो. तुमच्या गाडीत तापमानाचा काटा नाही, त्याच्याऐवजी ही सोय आहे. निळा असेपर्यंत गाडी जोरात ताणू नये, एवढेच त्याचे म्हणणे. उभ्या गाडीत दहा मिनिटे इंजिन तापवण्याचीही आता गरज राहिलेली नाही. अर्ध्या मिनिटानंतर सावकाश निघावे, चालता चालता इंजिन लवकर तापते. बंद गॅरेजमध्ये किंवा दार लावलेल्या वाड्याच्या देवडीत इंजिन चालू ठेवून ऊब घेत बसणे तर कधीच करू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नसतो आणि तो माणसाला झोपेतच नेतो.

तोच थर्मामीटर लाल झाला तर मात्र इंजिन उकळते आहे. ज्या गाड्यांत काटा असतो तिथे तो मध्यावर किंवा थोडा खाली असावा. इंग्रजी एच अक्षराकडे सरकला की तोच अर्थ. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, महाराज बाड्याच्या बाजारातल्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते आणि रेडिएटरला वारा मिळत नाही. तेव्हा हे घडते. सर्वप्रथम एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण गरम करून पंखा जोरात लावावा. मे महिन्यात हीटर लावणे ही शिक्षा वाटेल, पण इंजिनातली उष्णता बाहेर काढण्याचा तो एक जादा मार्ग असतो आणि जागा शोधून बाजूला लागेपर्यंत तो तुम्हाला उपयोगी पडतो. मग इंजिन बंद करावे, बॉनेट उघडावे आणि निदान अर्धा तास थांबावे. रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. आतले द्रव दाबाखाली शंभर अंशांच्या वर असते आणि झाकण सैल होताच अंगावर उसळते. माझ्या एका जवळच्या आप्तांचा हात असाच भाजला. त्यांनाही गाडीतले “सगळे कळत” असे.

तेलाच्या झारीसारखा लाल दिवा सर्वांत गंभीर. इंजिनात तेलाचा दाब उरला नाही असे तो सांगतो. तो दिसल्यावर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंतही जाऊ नये, कारण तेलाशिवाय काही मिनिटांत इंजिन कायमचे निकामी होऊ शकते. बॅटरीच्या आकाराचा लाल दिवा लागला तर बहुतेक वेळा बॅटरी खराब नसते, तिला भरणारा अल्टरनेटर काम करत नसतो किंवा त्याचा पट्टा तुटलेला असतो. काही गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. म्हणून पंखा आणि इतर विजेची कामे बंद करून जवळच्या सुरक्षित जागी थांबावे आणि तापमानावर लक्ष ठेवावे. वर्तुळातल्या उद्गारचिन्हाचा लाल दिवा हँडब्रेक अर्धवट ओढलेला राहिल्यानेही लागतो. तो पूर्ण सोडूनही दिवा विझला नाही, तर ब्रेकचे तेल कमी झाले आहे असे समजून गाडी हलवू नये.

राहिला तुमचा पिवळा दिवा. इंजिनाच्या संगणकाला एखाद्या मापात गडबड आढळली की तो लागतो. कारण किरकोळ सेन्सरचे असू शकते, स्पार्क प्लगचे असू शकते. तो स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी चालत असेल आणि सोबत लाल दिवा नसेल, तर सावकाश घरी यावे आणि एक-दोन दिवसांत गाडी दाखवावी. लुकलुकत असेल तर मात्र इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, ते न जळता पुढे जाऊन धुराड्यातली धूर शुद्ध करणारी महागडी डबी तापून खराब करते. तेव्हा वेग लगेच कमी करून थांबावे. तुम्ही ढाब्यावर थांबलात ते चुकले नाही. ज्याचा अर्थ माहीत नाही असा दिवा लागला असता रस्त्याच्या कडेला न थांबता माणसांच्या वस्तीत थांबणे हे शहाणपणच होते. पुढच्या वेळी फार तर तो तास वाचेल.

मिस्त्रीकडे गेल्यावर एक गोष्ट आग्रहाने करावी. स्टिअरिंगच्या खाली एक जोडणी असते. तिला स्कॅनर लावल्यावर बिघाडाचा सांकेतिक क्रमांक दिसतो. तो कागदावर लिहून मागावा. “मॅडम, लाइट हटा दी” एवढ्यावर परत येऊ नये. दिवा पुसून टाकणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, आणि क्रमांक हाती असला की दुसऱ्या गॅरेजमध्येही विचारता येते.

उरलेल्या काट्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा हजारांत वाचायचा. गरम इंजिन उभ्या गाडीत साधारण 700 ते 900 फेरे घेते, थंडीत सुरुवातीला अधिक. पेट्रोलच्या काट्याशेजारी पंपाचे चित्र असते आणि बहुतेक गाड्यांत त्याच्या बाजूला एक लहान त्रिकोण असतो. तो ज्या बाजूला टोक करतो त्या बाजूला टाकीचे झाकण. पंपावर आता कोणी ओरडणार नाही. टाकी पाव भरलेली असतानाच पेट्रोल भरावे, कारण टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो आणि धुक्यात कुठे किती वेळ अडकावे लागेल ते सांगता येत नाही.

निगेसाठी रविवारची दहा मिनिटे पुरतील. सकाळी इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागी असताना बॉनेट उघडावे. कूलंटची पांढुरकी बाटली बाहेरूनच दिसते. तिच्यावरच्या दोन रेघांच्या मध्ये पातळी असावी. कमी असेल तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंटच घालावे. यजमानांची लोटी इथे नको. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत घरच्या किटलीसारखी पापडी धरतात, आणि कूलंट पातळ झाले की गंज रोखण्याचा त्याचा गुण कमी होतो. वाटेत अगदी अडले तर साधे पाणी घालून घर गाठावे, पण मग तेवढे बदलून घ्यावे. इंजिन ऑइलची पट्टी ओढून पुसावी, पुन्हा आत घालून काढावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असले की झाले. पातळी वरच्या खुणेच्या वर नेण्याचा मोह टाळावा.

टायरच्या हवेकडे मात्र आपण जितके बघायला हवे तितके बघत नाही. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. लहान गाड्यांत तो बहुधा 30 ते 33 पौंडांच्या आसपास असतो. पंपावरच्या मुलाला तो आपण सांगावा, त्याला विचारू नये. थंडीने हवेचा दाब उतरतो. मे महिन्यात 45 अंशांच्या दुपारी 32 पौंड भरलेला टायर जानेवारीच्या 5 अंशांच्या पहाटे, काहीही न गळता, सुमारे 26 पौंडांवर आलेला असतो. म्हणून दिवाळीनंतर एकदा आणि थंडीत दर पंधरा दिवसांनी हवा पाहावी, तीही गाडी फार न पळवता, टायर थंड असताना. स्टेपनीची हवा भरायला सगळेच विसरतात. टायरवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. तुमचे टायर गाडीबरोबरचेच, नऊ वर्षांचे असतील, तर नक्षी शिल्लक दिसली तरी ते बदलून घ्यावेत. हा खर्च टाळण्यासारखा नाही.

बॅटरी आपल्या हवामानात साधारण तीन ते पाच वर्षे टिकते आणि तिचा अशक्तपणा पहिल्या कडक थंडीत उघडा पडतो. गाडी आठवडाभर उभी राहत असेल तर रविवारी ती वीस-पंचवीस मिनिटे खरोखर चालवावी. जागेवर दोन मिनिटे सुरू करून बंद केल्याने बॅटरी उलट उतरते. बॉनेट उघडण्याचे आणखी एक कारण ग्वाल्हेरकरांना सांगायला नको, ते म्हणजे उंदीर. थंडीत उबदार इंजिन ही त्यांची धर्मशाळा असते. माझ्या गाडीत त्यांनी एका महिन्यात दोनदा वायरी कुरतडल्या आणि दुसऱ्या वेळी नेमका तुमच्यासारखाच पिवळा दिवा लागला होता.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मुलाचे म्हणणे सरसकट झटकण्यासारखे नाही. मागच्या वर्षभरात गाडी किती किलोमीटर चालली ते पाहावे. विमा, सर्व्हिसिंग, टायर-बॅटरी आणि पेट्रोल यांची बेरीज करावी, आणि तेवढ्याच फेऱ्या टॅक्सीने केल्या असत्या तर काय लागले असते ते शेजारी लिहावे. महिन्याला दोनदा भाजी आणि वर्षाला एकदा दतिया एवढाच वापर असेल, तर टॅक्सी स्वस्त पडेल आणि त्यात कमीपणा काही नाही. पण यजमानांना डॉक्टरांकडे वारंवार न्यावे लागत असेल, रात्री-अपरात्री निघावे लागत असेल, तर दाराशी असलेल्या गाडीचे मोल पैशांत होत नाही. हा निर्णय हिशेबावर घ्यावा. एका पिवळ्या दिव्याच्या भीतीने घेऊ नये. ड्रायव्हरचे म्हणाल, तर लांबच्या प्रवासापुरता दिवसाच्या बोलीवर ठेवणे हा चांगला मधला मार्ग आहे. फक्त दुसऱ्याच्या गाडीतला पिवळा दिवा पाहून तो आपणहून थांबेल असे धरून चालू नये. तेव्हाही डॅशबोर्ड तुम्हालाच वाचावा लागेल. शहराबाहेर जाणे सोडण्याचे कारण मला दिसत नाही, पहाटेच्या धुक्यात निघणे तेवढे सोडावे.

गाडी ठेवायची असे ठरले तर तुमच्या परवान्याची मुदत पाहून घ्या. पंचावन्नाव्या वर्षानंतर तो एका वेळी पाच वर्षांसाठीच मिळतो आणि नूतनीकरणाला डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. त्या निमित्ताने तुमचेही डोळे तपासून होतील.

आणि यजमानांशी वाद घालू नका. ज्या माणसाच्या हातून स्टिअरिंग गेले आहे, त्याच्याजवळ नियमच उरतात आणि तो ते घट्ट धरून बसतो. त्यांना एक वही घेऊन शेजारी बसवा. बॅटरी कधी बदलली, टायर कधी घेतले, कोणत्या मिस्त्रीने कोणते काम चांगले केले, कोणता आवाज या गाडीचा जुनाच आहे आणि कोणता नवा, हे सारे त्यांच्या डोक्यात आहे आणि दुसरीकडे कुठेही नाही. ते त्यांनी सांगावे आणि तुम्ही लिहावे. हीटरची परीक्षा मात्र घराच्या दाराशी, उघड्यावर घ्या. एखाद्या थंड सकाळी निळा दिवा विझेपर्यंत दोघांनी वस्तीत एक फेरी मारावी, मग गाडी उभी करून, काचा बंद ठेवून, तो आतल्या आत फिरणारा बाण लावून गप्पा माराव्यात. काच पांढरी झाली की बाण काढावा, मूठ लालकडे न्यावी, हवा काचेकडे वळवावी, एसी दाबावा, आणि काच साफ व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून त्यांनाच मोजायला सांगावे. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्या हाताने लिहिला जाऊ द्या.